सनईचं ट्रान्सफर फंक्शन कसं काढायचं?

धरणगावकर (प्रश्न)

राम राम मंडळी. मी डिप्लोमाच्या मुलांना कंट्रोल सिस्टिम शिकवतो. बोडे प्लॉट, रूट लोकस, नायक्विस्ट हे माझं रोजचं काम. प्रश्न मात्र वर्गातला नाही.

आमच्याकडे लग्नात हळदीच्या रात्री आता बहुतेक ठिकाणी डीजे असतो. मांडवात, देवक बसवताना सनई लागतेच, पण तिथेही बँडवाला कीबोर्डवर सनईचा टोन लावून भागवतो. त्या टोनचा सूर पक्का असतो आणि रंगही बराचसा जुळतो. पण वाजवणारा खालच्या सुरावरून वरच्या सुरावर सरकायला लागला की सगळं उघडं पडतं. खऱ्या सनईत सरकताना आवाज मध्येच दाटतो, थोडा फाटतो, पुन्हा गोळा होतो. कीबोर्डमध्ये एकच रेकॉर्डिंग वरखाली ताणलेलं असतं, त्यात हे येणार कुठून? मला रेकॉर्डिंगशिवाय सनई उभी करायची आहे. फुंक, ओठ आणि बोटं हे इनपुट, आवाज हा आउटपुट, आणि दोघांमधलं गणिती नातं म्हणजे ट्रान्सफर फंक्शन. फुंक बदलली की आवाजाने आपसूक बदलावं.

आतापर्यंत असं केलं आहे. एका सनईवाल्यांकडून एक लांब सूर वाजवून घेतला आणि मोबाइलवर रेकॉर्ड केला. एफएफटी घेतलं, म्हणजे आवाजात कुठली वारंवारिता किती जोरात आहे ते काढलं. साधारण ४३० हर्ट्झच्या पटीत टोकं आली, दुप्पट, तिप्पट, चौपट, सगळी. प्रत्येक टोकासाठी पोलची एक जोडी बसवली, म्हणजे त्या वारंवारितेला घुमणारा एक गणिती अनुनाद. आवाज ६० डेसिबलने उतरायला दोन सेकंद लागावेत असं धरलं, तर सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेताना पोलची त्रिज्या ०.९९९९२ येते. ह्या सिस्टिमला इम्पल्स दिला की देवळातल्या घंटेसारखा आवाज येतो आणि विरून जातो. त्रिज्या बरोबर १ केली, म्हणजे पोल वर्तुळावर नेले, तर आवाज थांबत नाही, पण जेवढा धक्का दिला तेवढाच मोठा राहतो आणि त्यात जीव नसतो. इम्पल्सऐवजी नॉइज दिला तर फटीतून वारा घुसल्यासारखं वाजतं.

म्हणजे पोल जागेवर आहेत, पण सनई नाही. सिस्टिम आयडेंटिफिकेशन, म्हणजे मोजमापावरून मॉडेल काढणं, अजून बारकाईने करू का? जास्त ऑर्डरचं मॉडेल घेऊ? की हा रस्ताच सनईचा नाही?

---

निवृत्त इन्स्ट्रुमेंटवाला, भुसावळ

धरणगावकर, तुमचे पोल बरोबर आहेत. घंटा, संबळ, तबला, म्हणजे एकदा आघात केला आणि वाद्याला त्याच्या नशिबावर सोडलं, अशा वाद्यांना तुमची पद्धत चांगली लागू पडते. सनई त्या जातीची नाही. तिच्यात फुंक एकसारखी असते. फुंकेत ४३० हर्ट्झ कुठेच नसतं, तरी बाहेर ४३० हर्ट्झ येतं. स्थिर इनपुटमधून आंदोलन काढणं लिनियर (दुप्पट इनपुटला दुप्पट आउटपुट देणाऱ्या) आणि स्टेबल सिस्टिमला जमणार नाही, तिची ऑर्डर कितीही वाढवा.

माझी सगळी नोकरी वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी सांभाळणारा लूप हंटिंग करायला लागला की ट्रेंडवर, म्हणजे नोंदीच्या आलेखावर, एकसारखी लाट दिसते. ती लाट ड्रममध्ये नसते आणि व्हॉल्व्हमध्येही नसते. दोघांना वेगवेगळं तपासलं तर दोघंही शहाण्यासारखे वागतात. लूप बंद केला, त्यात उशीर आहे आणि गेन जास्त आहे, म्हणून लाट उठते. व्हॉल्व्ह पूर्ण उघड आणि पूर्ण बंद ह्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून ती एका उंचीवर थांबते. आता कोणी त्या ट्रेंडची लाट घेऊन तिच्यावर पोल बसवायला लागला, तर त्याला लाटेची वारंवारिता मिळेल. प्लँट, म्हणजे मूळ यंत्रणा, मिळणार नाही. तुम्ही सनईच्या बाबतीत नेमकं तेच करताय.

तेव्हा लूप तोडा. पत्ती (तोंडात धरायची दोन पानांची जीभ) वेगळी ओळखा, नळी वेगळी ओळखा, मग जोडा.

पत्तीपासून सुरुवात करू, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. तोंडातला दाब जास्त, नळीच्या वरच्या टोकाचा दाब कमी. ह्या फरकाने दोन गोष्टी होतात. हवा आत घुसते, आणि त्याच वेळी पत्तीची दोन पानं एकमेकांकडे ओढली जाऊन फट अरुंद होते. दाबाचा फरक एका ठरावीक आकड्याला पोचला की फट पूर्ण मिटते. त्याला आपण बंददाब म्हणू. दाबफरक भागिले बंददाब म्हणजे क्ष. पत्ती साधी स्प्रिंग धरली तर आत जाणारा प्रवाह (१ − क्ष) गुणिले क्ष चं वर्गमूळ ह्या प्रमाणात असतो. कागदावर काढून बघा. क्ष ०.१ ला ०.२८५, ०.२ ला ०.३५८, एक तृतीयांशला ०.३८५, मग उतरण: ०.५ ला ०.३५४, ०.८ ला ०.१७९, आणि १ ला शून्य.

ह्या वक्राचा माथा बरोबर एक तृतीयांशावर आहे. त्याच्या डावीकडे पत्ती म्हणजे साधा अवरोध, दाब वाढवला की प्रवाह वाढतो. उजवीकडे दाब वाढवला की प्रवाह कमी होतो, म्हणजे लहान लाटेच्या दृष्टीने अवरोध ऋण झाला. साध्या अवरोधात ऊर्जा खर्ची पडते, ऋण अवरोधातून ऊर्जा लाटेला मिळते. म्हणून नळीत काहीच गळती नाही असं धरलं तर फुंक बंददाबाच्या एक तृतीयांशाला पोचताच आवाज उठतो. खऱ्या नळीत भिंतीला घासून आणि तोंडातून बाहेर पडून काही ऊर्जा जाते, म्हणून थोडी जास्त फुंक लागते. तुमच्या भाषेत सांगायचं तर इथे लूप गेन एकला पोचतो, फेज शून्य असते (एका फेऱ्यानंतर लाट तेवढीच मोठी आणि त्याच तालात परत येते), आणि नायक्विस्टचा वक्र त्या नको असलेल्या बिंदूला वळसा घालतो. वर्गात हा बिंदू टाळायला शिकवतात. सनई करणाऱ्याला तो गाठायचा असतो.

पत्तीला स्वतःचं वस्तुमान आहे, तिचाही एक अनुनाद आहे, पण तो सुराच्या बराच वर असतो. पहिल्या मॉडेलमध्ये तो सोडून द्या.

आता नळी. सनईची नळी शंकूची, टोक छाटलेल्या शंकूची. तुमच्या एफएफटीत सम आणि विषम दोन्ही पटी आल्या त्या ह्यामुळेच. सरळ गोल नळी एका बाजूने बंद असती, क्लॅरिनेटसारखी, तर खालच्या पट्टीत सम पटी फार क्षीण दिसल्या असत्या. समजा वरचं भोक ४ मिलिमीटर, खालचं, कर्ण्याच्या आधीचं, २० मिलिमीटर, लांबी ३२ सेंटिमीटर. शंकू वरच्या बाजूला कल्पनेने वाढवत नेला तर टोक ८ सेंटिमीटरवर मिळतं. एकूण ४०. सगळी भोकं बंद असताना मूळ सूर येतो तो ह्या ४० चा: ३४३ भागिले ०.८ म्हणजे ४२९ हर्ट्झ. हे आकडे मी सोयीचे धरले आहेत, तुमच्या हातातल्या सनईचे तुम्ही मोजा. व्यास मोजायला ड्रिल बिटच्या दांड्या एकेक करून आत सोडायच्या, कुठे अडकते ती खोली टिपायची. आणि छाटून गेलेल्या त्या ८ सेंटिमीटरच्या टोकाचं आकारमान साधारण एक तृतीयांश घनसेंटिमीटर होतं. पत्ती आणि तिच्याखालची पितळी नळी मिळून हवेला तेवढीच जागा वाटली पाहिजे, नाहीतर वरचं सप्तक खालच्याशी जुळत नाही. पत्ती थोडी आत-बाहेर सरकवून वाजवणारे लोक हेच जुळवत असतात असा माझा अंदाज आहे. इथे कोणी वाजवणारं असेल तर सांगावं.

कॉम्प्युटरमध्ये नळी म्हणजे डिले लाइन, आत गेलेलं ठरावीक उशिराने बाहेर देणारी रांग. लाट खाली जाते, उलटून परत येते, ८० सेंटिमीटरचा फेरा, २.३३ मिलिसेकंद, म्हणजे ४४,१०० च्या हिशेबाने १०२.८६ सॅम्पल. १०३ करून टाकलं तर दोन-अडीच सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक, कानाला चालून जाईल. पण नळी निम्मी झाली की ५१.४३ येतात, आणि तिथे ५१ धरले तर सूर साडेचौदा सेंटने चढतो. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर, साडेएकवीस सेंटची. म्हणजे तिचा दोन तृतीयांश तुम्ही नुसत्या राउंडिंगमध्ये घालवला. तेव्हा अपूर्णांकाचा डिले हवाच, आणि तुम्हाला सूर सरकवायचा आहे म्हणजे तर हवाच हवा. शिवाय परतताना वरच्या वारंवारिता कमी परततात. उघड्या भोकांच्या रांगेतून आणि कर्ण्यातून त्या बाहेर निघून जातात, म्हणून परतीच्या वाटेवर एक लो-पास फिल्टर ठेवा.

तापमानाचंही बोलून घेतो. आपल्याकडे हिवाळ्यातली पहाट १२ अंश आणि वैशाखातली दुपार ४४ अंश धरली तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३३८.५ मीटरवरून ३५७ वर जातो, म्हणजे सुमारे ९२ सेंट, जवळजवळ एक अख्खा अर्धस्वर. प्रत्यक्षात नळीत फुंकेची कोमट, दमट हवा असते, म्हणून सनई एवढी चढत नाही. मॉडेलमध्ये बाहेरच्या थर्मामीटरचा आकडा टाकू नका.

जोडताना एक अडचण येणार, ती आधीच सांगतो. वरच्या टोकाचा दाब म्हणजे परतून आलेल्या लाटेची दुप्पट अधिक नळीचा अवरोध गुणिले प्रवाह. आणि प्रवाह त्याच क्षणाच्या दाबावर अवलंबून. हा अल्जेब्राइक लूप आहे. मध्ये एक सॅम्पलचा उशीर घालून तो सोडवायचा मोह होईल. घालू नका, सूर आणि स्थिरता दोन्ही बिघडतात. प्रत्येक सॅम्पलला पत्तीचा वक्र आणि नळीची सरळ रेषा कुठे छेदतात ते काढा. न्यूटनच्या पद्धतीने दोन-तीन फेऱ्यांत उत्तर येतं.

ही मांडणी माझी नाही. मॅकइन्टायर, शूमाकर आणि वुडहाउस ह्या तिघांनी १९८३ साली दाखवून दिलं की क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि बासरी ह्या तिन्हींचा सांगाडा एकच आहे: एक छोटा नॉनलिनियर भाग, आणि त्याला उशिराने उत्तर देणारा एक लिनियर भाग. त्यातल्या गजाच्या तारेबद्दल आपल्या रामन साहेबांनी १९१८ सालीच मोठं काम करून ठेवलं होतं. छाटलेल्या शंकूची नळी ही जवळजवळ गजाने वाजवलेल्या तारेसारखी वागते हेही नंतर दाखवलं गेलं. तार जिथे गजाने तोडली जाते तिथे पत्ती, एका बाजूला ३२ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला ते कल्पनेतले ८. कोडमध्ये शंकू लिहायला अवघड वाटला तर दोन सरळ नळ्या समांतर जोडा, एक ३२ ची आणि एक ८ ची, दोन्ही खालून उघड्या. सुरुवातीला तेवढं पुरे आहे.

---

गोमाईकाठचा, शहादा

मी वाजवणाऱ्या घरातला. माझे आजोबा सनई वाजवतात, वडील सूर धरायचे, मी नोकरीमुळे सोडलं पण हात आहे अजून. नाना, तुमचा पत्ती सरकवण्याचा अंदाज बरोबर आहे. वरचे सूर चढे लागायला लागले की आजोबा पत्ती किंचित बाहेर ओढतात, त्यावर दोरा गुंडाळतात. खालच्या सुरांना त्याने थोडाच फरक पडतो, वरच्यांना जास्त.

सर, तुमच्या इनपुटमध्ये एक गोष्ट राहिली, ती सांगायला लिहितोय. सनईला दोऱ्याने जादा पत्त्या बांधलेल्या असतात आणि एक सुई लोंबत असते. पत्ती मिटायला लागली की ती सुई तिच्या तोंडात घालून पानं जरा मोकळी करायची. जास्त मोकळी झाली तर फुंकून फुंकून गाल दुखतात आणि आवाज उठायलाच वेळ लागतो. कमी मोकळी असली तर आवाज लगेच उठतो, पण चिरका आणि बारीक येतो, जोर केला की बंद. पत्ती कोरडी असली तर काहीच धड होत नाही, आधी तोंडात भिजवावी लागते.

आणि ओठ. सूर सरकतो तो निम्मा बोटाने आणि निम्मा ओठाने. बोट भोकावरून उचलायचं नाही, वळवत न्यायचं, भोक चंद्रकोरीसारखं उघडत जातं. त्याच वेळी ओठ सैल-घट्ट होतात. मला शिकवताना आजोबा एकच ओरडा करायचे, "ओठ जास्त दाबशी ते आवाज मरी जाई!"

आता माझा प्रश्न. सगळ्यात अवघड काय असेल तर अगदी हळू आवाजात सूर सुरू करणं. फुंक हळूहळू वाढवत नेली तर नुसती हवा, हवा, हवा, आणि मग एकदम मोठ्याने सूर फुटतो. पण एकदा सूर लागला की मग फुंक कमी करत बराच हळू आणता येतो, जिथे सुरू होत नव्हता तिथेसुद्धा तो टिकून राहतो. आजोबा सूर मोठा लावून मग उतरवतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हळूच सुरू झाला. हे तुमच्या गणितात येतं का?

---

निवृत्त इन्स्ट्रुमेंटवाला, भुसावळ

येतं, आणि तुम्ही ते फार चांगलं सांगितलंत. शंकूच्या नळीच्या वाद्यांमध्ये हे घडतं हे प्रयोगांतून आणि गणितातून दोन्हीकडून सिद्ध झालेलं आहे. हॉफ बायफर्केशनचे दोन प्रकार, धरणगावकरांना माहीत असतील. एका प्रकारात उंबरठा ओलांडला की आंदोलन शून्यापासून हळूहळू मोठं होतं. दुसऱ्यात उंबरठा ओलांडताच ते एकदम मोठ्या उंचीवर उडी मारतं, आणि परत येताना उंबरठ्याच्या खाली बरंच खाली येईपर्यंत टिकून राहतं. मध्ये एक पट्टा असा असतो की तिथे शांतता आणि सूर दोन्ही स्थिर असतात, तुम्ही कुठल्या बाजूने आलात त्यावर ठरतं. तुमचे आजोबा त्या पट्ट्यात वरून उतरतात.

शंकूत हे का होतं, तर दुसरी पट बरोबर दुप्पट वारंवारितेला असते आणि नळी तिलाही उचलून धरते. लाट मोठी झाली की दुसरी पट पहिलीला हातभार लावते, म्हणून मोठी लाट टिकवायला लहान लाट उठवण्यापेक्षा कमी फुंक पुरते. इथे धरणगावकरांना एक सावधगिरी: आपण शिकवतो ते डिस्क्रायबिंग फंक्शन (नॉनलिनियर भागाचा एकाच साइन लाटेवरचा अंदाजी हिशेब) असं गृहीत धरतं की लूप वरच्या पटी गाळून टाकतो. सनईची नळी त्या गाळत नाही, सांभाळते. म्हणून एकाच साइन लाटेवर हिशेब केला तर उडी दिसणार नाही. निदान चार-पाच पटी एकत्र घेऊन समतोल काढा, नाहीतर सरळ सिम्युलेशन चालवा.

सुईची गोष्ट तर थेट मॉडेलचा आकडा आहे. बंददाब म्हणजे पत्तीचा ताठपणा गुणिले तिची मोकळी फट. सुईने फट वाढवली, बंददाब वाढला, त्याचा एक तृतीयांशही वाढला, गाल दुखले. ओठ दाबला म्हणजे फट कमी, बंददाब कमी, तेवढीच फुंक आता क्ष ला १ च्या जवळ नेते आणि प्रवाह संपतो. आवाज मरी जाई! त्या वाक्यात वक्राचं उजवं टोक आहे.

म्हणून धरणगावकर, इनपुट तीन घ्या: फुंकेचा दाब, ओठाने ठरणारी फट, आणि प्रत्येक भोकाचं उघडेपण शून्य ते एक. भोक अर्धवट उघडं असताना डिले बदलू नका. भोकातली हवा एक छोटं वस्तुमान आहे, ती नळीला त्या जागी समांतर जोडा आणि भोक उघडत जाईल तसं ते वस्तुमान हलकं करत न्या. आवाज मध्येच दाटतो, फाटतो असं जे तुम्ही लिहिलंत, ते त्या अर्ध्या उघड्या भोकापाशी लाटेचे दोन तुकडे होतात म्हणून. एक तुकडा तिथूनच उलटतो, दुसरा पुढे जाऊन उशिरा येतो, आणि नळीचे अनुनाद एकमेकांच्या पटीत राहत नाहीत. डिले नुसता ताणला तर हे हरवेल आणि तुम्ही परत कीबोर्डच्या टोनपाशी याल.

मोजायला मोठी उपकरणं नकोत. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, यू आकारात भिंतीला बांधा, त्यात रंग घातलेलं पाणी भरा. एका टोकाला बारीक नळी जोडून ती वाजवणाऱ्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात द्या, दुसरं टोक उघडं. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक १० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल. भिंतीवर दोन मीटर उंची ठेवा, दुहेरी पत्तीच्या वाद्यांना दाब बराच लागतो, पाणी वरून उडेल. सूर फुटतो तेव्हाची उंची आणि उतरवताना सूर बंद पडतो तेव्हाची उंची, ह्या दोन खुणा करा. ह्या दोन खुणांमधलं अंतर तुमच्या मॉडेलला आलं, तर मी म्हणेन सनई झाली.

---

चाळीसगावचा पुण्यात

थोडी भर घालतो, मी ध्वनीच्या सिम्युलेशनमध्ये काम करतो. सायलॅब ह्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये एक्सकॉस हे सिम्युलेशनचं साधन फुकट मिळतं, लूप समजून घ्यायला ते पुरेसं आहे. पण हाताने वाजवता यावं असं हवं असेल तर फाउस्ट भाषेत लिहा. डिले आणि फीडबॅकसाठीच बनलेली आहे ती, आणि त्याचाही पैसा लागत नाही.

खरी भर स्थिरतेबद्दल आहे. भोकं, कर्णा, शंकूचे तुकडे असं जोडत गेलात की एखाद्या वेळी आवाज अचानक फुटून स्पीकर किंचाळतो. मूळ वाद्य तसं करत नाही, म्हणजे ऊर्जा तुमच्या आकडेमोडीत कुठून तरी जन्माला येतेय. विशेषतः शंकूची चढण पुढे कमी होत जाते अशा जोडावर, एकट्या जोडाचा फिल्टर तपासला तर तो वाढत जाणारा निघतो, जरी सगळी नळी मिळून स्थिर असली तरी. म्हणून प्रत्येक भागाची साठलेली ऊर्जा काढत चला आणि नियम पाळा: फुंकेने दिली त्यापेक्षा जास्त ऊर्जा नळीत कधीच नसावी. कंट्रोलवाल्यांची पॅसिव्हिटी ती हीच. पॅरिसच्या इरकाम ह्या ध्वनी-संगीत संशोधन संस्थेत तोमा एली ह्यांच्या गटाने पोर्ट-हॅमिल्टोनियन पद्धतीने, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबावर उभ्या मांडणीने, वाद्यांची अशी मॉडेलं बांधली आहेत की सॅम्पलिंग केल्यावरही हा नियम मोडत नाही. थोडं जड आहे, पण कंट्रोल शिकवणाऱ्याला परकं वाटणार नाही.

आणि बाजारात हे आलं होतं, स्वप्नातली गोष्ट नाही. स्टॅनफर्डचे ज्यूलियस स्मिथ ह्यांनी १९८६ मध्ये पत्ती-नळीचं मॉडेल स्वस्तात कसं चालवायचं ते मांडलं, आणि यामाहाने १९९४ मध्ये व्हीएल१ हा कीबोर्ड त्याच विचारावर काढला. त्याला फुंकेचा कंट्रोलर लावता यायचा.

---

धरणगावकर

नाना, गोमाईकाठचे दादा, चाळीसगावकर, तिघांचेही मनापासून आभार. माझ्यासमोरचं चित्रच बदललं.

काल रात्री सायलॅबमध्ये पत्तीचा वक्र आणि दोन समांतर नळ्या, ३२ आणि ८, एवढंच जोडलं. भोकं नाहीत, कर्णा नाही, एक साधा लो-पास. फुंकेचा आकडा शून्यापासून रॅम्पने वर नेला. एक तृतीयांशाच्या थोडं पुढे जाईपर्यंत रेषा सपाट, आणि मग लाट उठली ती उठलीच, आणि तिची उंची मी दिलेल्या धक्क्यावर ठरली नाही. वर्गात लिमिट सायकल (आपली उंची आपणच ठरवणारं आंदोलन) फळ्यावर काढतो, ती कानाने पहिल्यांदा ऐकली. रंग अजून सनईचा नाही, पिपाणीच्या जवळचा आहे. पण फुंक हलकीशी हलवली की आवाजही हलतो, आणि तेच हवं होतं. रॅम्प उलटा करून बंद पडण्याची खूण अजून काढली नाही, लो-पासची गळती किती धरायची ते ठरल्याशिवाय त्या खुणेला अर्थ नाही असं वाटतं. नाना, गळती नळीच्या व्यासावरून हिशेबाने काढू, की मोजून?

दादा, एक विनंती आहे. लेव्हल पाइप मी आणला आहे, आमच्या घराचं काम चालू आहे तिथलाच. तुमच्या आजोबांची हरकत नसेल तर येत्या रविवारी शहाद्याला येऊ का? तोंडात घ्यायची नळी नवी आणि उकळून आणीन. पत्ती सुईने उघडण्याआधी एकदा आणि उघडल्यावर एकदा, दोन्ही खुणा भिंतीवर हव्या आहेत.

---

निवृत्त इन्स्ट्रुमेंटवाला, भुसावळ

गळती दोन ठिकाणी आहे. भिंतीजवळची घासट हिशेबाने येते, ती वारंवारितेच्या वर्गमूळाने वाढते आणि नळी बारीक तशी जास्त होते. सनईचं वरचं टोक बारीक असल्याने तिथलीच मोठी आहे. पण लाकूड आतून किती गुळगुळीत आहे, तेल किती मुरलंय, त्यावर खरा आकडा हिशेबापेक्षा जास्तच येतो. म्हणून मोजा. पत्ती काढून त्या जागी लहान इअरफोन आणि बारीक माइक शेजारी शेजारी मेणाने बसवा, १०० ते ४,००० हर्ट्झपर्यंत सरकत जाणारा सूर (स्वीप) द्या. आलेखावर येणाऱ्या टोकांची रुंदी म्हणजे गळती. ह्या वेळी एफएफटीवर पोल बसवायला माझी ना नाही, कारण आता लूप उघडा आहे.

---

गोमाईकाठचा, शहादा

सर, या. आजोबांना विचारलं, ते म्हणाले पाण्याची नळी भिंतीला लावा पण चुना उडवू नका. सकाळी दहाच्या आत या, जेवणानंतर ते वाजवत नाहीत. तीन-चार पत्त्या भिजवून ठेवतो, त्यात एक जुनी आहे जी फक्त त्यांच्याच ओठाला वाजते. तिचीही खूण घ्या, मला बघायचं आहे तिचा आकडा बाकीच्यांपेक्षा किती वेगळा निघतो.